धडा आपल्या मोबाइलच्या मापाचा हवा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 

आम्ही मोबाइलवर शिकायचे धडे तयार करणाऱ्या बाया. आमच्यातल्या काही जणी गावोगाव प्रशिक्षण घेतात, काही जणी संगणकावर बसून धडे बांधतात, एक जण धड्याला आवाज देते. आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल. ऑनलाइन शिकताना पडद्यावर जो सराव करायला देतात, तो लहान-मोठ्या पडद्यांसाठी कसा बनवावा लागतो, हे आम्ही सांगणार आहोत. तरी शेवटपर्यंत ऐका. कारण या धड्याचं माप चुकलं की त्याचा दोष बाईच्या माथी येतो. ‘मला नाही बाई जमत,’ असं म्हणून ती फोन दुसऱ्याच्या हातात देते, आणि फोनबरोबर आपला पिन नंबरही देऊन बसते.

पडद्यावरची भातुकली

सरावाच्या या धड्याला इंग्रजीत ‘सिम्युलेशन’ म्हणतात. आपल्याला ते नवीन नाही. लहानपणी आपण भातुकली खेळलोच की. भातुकलीत चूल असते, पण हात भाजत नाही. भाजी करपली तरी कोणी उपाशी राहत नाही. पण त्या खेळातूनच आधी काय, मग काय, हे हाताला कळतं.

पडद्यावर तसंच करतात. पैसे पाठवायच्या ॲपची, एटीएमची, एखाद्या ऑनलाइन अर्जाची हुबेहूब भातुकली मांडतात. बटणं तीच, रंग तेच, क्रम तोच. फक्त मागे बँक नसते. चुकीचं बटण दाबलं तर एक रुपया हलत नाही. धडा एवढंच म्हणतो, ‘इथे नाही ताई, जरा खाली बघा.’

याची गरज का पडली, ते तुम्हाला ठाऊक आहे. कामंच फोनवर आली. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झालं आणि भाजीच्या पाटीपुढे चौकोनी कोड लागला. २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ आला आणि अंगणवाडीताईंची रजिस्टरं मोबाइलमध्ये शिरली. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज ‘नारी शक्ती दूत’ या ॲपवरून भरले गेले. गटाचे व्यवहारही आता ‘लोकओएस’वर नोंदवले जातात. खऱ्या ॲपवर शिकायचं म्हणजे खऱ्या पैशांवर आणि खऱ्या अर्जावर शिकायचं. तिथे भीती वाटणारच. म्हणून आधी भातुकली, मग खरा स्वयंपाक.

धडा बनतो कसा

धडा बनवणारी व्यक्ती खरं काम एकदा सावकाश करून दाखवते. प्रत्येक पायरीला पडद्याचं चित्र टिपून घेतलं जातं. दहा पायऱ्या असतील तर दहा चित्रं. मग प्रत्येक चित्रावर, जिथे बटण आहे तिथे, न दिसणारी एक चौकट ठेवतात. त्या चौकटीत तुमचं बोट पडलं की पुढचं चित्र येतं. बाहेर पडलं की सूचना येते. जोडीला आवाज आणि दोन ओळींचा मजकूर.

असा धडा बहुधा तीन फेऱ्यांत चालतो. पहिल्या फेरीत नुसतं पाहायचं. दुसऱ्या फेरीत स्वतः करायचं, धडा बोट धरून नेतो. तिसऱ्या फेरीत धडा गप्प बसतो आणि तुम्ही करून दाखवायचं. पाहा, करा, दाखवा. सून जशी पुरणपोळी शिकते तसंच. आधी सासूजवळ बसून बघते, मग सासू समोर असताना लाटते, आणि मग एका सणाला तिच्यावरच सोपवतात.

आतापर्यंत सगळं सरळ आहे. घोळ पुढे होतो.

मोहरी आणि हरभरा

पुष्कळ धडे कार्यालयातल्या संगणकावर, आडव्या मोठ्या पडद्यावर तयार होतात. आणि ते उघडले जातात तुमच्या-आमच्या उभ्या मोबाइलवर. इथे काय होतं ते शाळेच्या फूटपट्टीने मोजून पाहता येईल.

साडेपंधरा इंचांच्या लॅपटॉपचा पडदा रुंदीला साडेचौतीस सेंटिमीटर भरतो. सर्वसाधारण साडेसहा इंची मोबाइल उभा धरला तर त्याची रुंदी असते पावणेसात-सात सेंटिमीटर. म्हणजे तेच चित्र मोबाइलवर बसवायला पाचपट लहान करावं लागतं. संगणकावर एक सेंटिमीटर उंच असलेलं बटण मोबाइलवर दोन मिलिमीटर होतं, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढं. तीन-चार मिलिमीटरचं अक्षर तर एक मिलिमीटरच्याही खाली जातं.

आणि आपलं बोट? अँड्रॉइड फोनसाठी गुगलने बटणाचं जे माप सुचवलं आहे, ते सुमारे नऊ मिलिमीटर येतं. चांगला टपोरा हरभरा डोळ्यांपुढे आणा. बोटाला हरभऱ्याएवढी जागा हवी, आणि धडा देतो मोहरीएवढी. बोट शेजारच्या बटणावर पडतं, धडा म्हणतो ‘चूक’. पुन्हा दाबलं, पुन्हा ‘चूक’. तिसऱ्यांदा बाई फोन खाली ठेवते.

कोणी म्हणेल, फोन आडवा धरा. धरला तरी चित्र जवळजवळ तीनपट लहान राहतं. कोणी म्हणेल, दोन बोटांनी मोठं करा. मोठं केलं की बटण दिसतं, पण सूचना पडद्याबाहेर जाते. सूचना बघायला गेलं तर बटण हरवतं. शिवाय अशा कितीतरी धड्यांत दोन बोटांनी मोठं करायची सोयच ठेवलेली नसते.

बोट म्हणजे माऊस नव्हे

संगणकावर काम होतं ते माऊसने. माऊसचा बाण सुईच्या टोकासारखा असतो, आणि तो नुसता एखाद्या शब्दावर नेला तरी तिथे माहिती उमटते, दाबावंही लागत नाही. मोबाइलवर असा बाणच नाही. बोट पडद्यावर टेकलं म्हणजे दाबलंच. त्यामुळे ‘या चिन्हावर बाण न्या आणि माहिती वाचा’ अशी पायरी मोबाइलवर करता येत नाही. माऊसचं उजवं बटण, दोनदा झटकन दाबणं, कडेची पट्टी धरून पान खाली ओढणं, या सगळ्यांचं तेच.

उलट मोबाइलच्या काही गोष्टी संगणकावर नसतात. बोट दाबून धरणं, बोटाने सरकवणं. आणि आपला हात! माऊसचा बाण काही झाकत नाही, पण आपला पंजा अर्धा पडदा झाकतो. म्हणून मोबाइलच्या धड्यात सूचना बटणाच्या वर असावी. खाली असली तर ती हाताखाली दडते. रक्कम लिहायची वेळ आली की अक्षरांची पाटी खालून वर येते आणि पडद्याचा मोठा भाग व्यापते. ‘पुढे जा’ हे बटण तिच्याखाली गेलं तर शिकणारीला वाटतं, धडा अडकला.

शेतात राबणाऱ्या हातांचंही सांगायला हवं. बोट टेकलं की मोबाइलच्या पडद्यावरच्या विजेत जो बारीकसा बदल होतो, त्यावर तो चालतो. हात ओले असले, किंवा बोटाची कातडी राठ होऊन भेगा पडल्या असल्या, तर पडदा बोट नीट ओळखत नाही. दाबायची जागा लहान असली की हा त्रास दुप्पट होतो. आमचा नियम आहे: हात कोरडे करून बसा, आणि तरीही बटण लागलं नाही तर स्वतःला बोल लावू नका.

लहान उंबऱ्याची रांगोळी

मग उपाय काय? तो आपल्या दारातच आहे. मोठ्या अंगणात आपण एकवीस ठिपक्यांची रांगोळी घालतो. उंबऱ्यापुढे हातभरच जागा असेल तर तीच एकवीस ठिपक्यांची दाटीवाटीने घालत नाही. ठिपके एकमेकांत मिसळून नुसता पांढरा गोळा होईल. तिथे आपण सात ठिपक्यांची, वेगळ्या वळणाची घालतो. मोबाइलचा पडदाही ठिपक्यांचाच असतो, आणि हिशेब तोच आहे. मोठा धडा दाबून लहान करू नये, लहान जागेसाठी धडा नव्याने मांडावा.

संकेतस्थळांच्या बाबतीत हा विचार २०१० मध्ये ईथन मार्कोट नावाच्या अमेरिकी रचनाकाराने एका लेखात मांडला. एकच पान, पण पडद्याची रुंदी बघून त्याची मांडणी आपोआप बदलावी, असं त्याचं म्हणणं. मोठ्या पडद्यावर तीन रकाने शेजारी शेजारी, लहान पडद्यावर तेच एकाखाली एक. आज बहुतेक संकेतस्थळं अशी चालतात.

पण भातुकलीच्या धड्याला हे सरळ लागू पडत नाही. मजकूर धान्यासारखा असतो, ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार घेतो. पडद्याचं टिपलेलं चित्र मात्र तव्यासारखं. तवा डब्यात बसत नाही म्हणून तो वाकवता येत नाही. म्हणून धडा बनवण्याआधीच एक प्रश्न विचारावा लागतो: हे खरं काम बाई कशावर करणार आहे?

काम मोबाइलवर होणार असेल, जसं यूपीआयने पैसे पाठवणं, तर धड्याची चित्रं मोबाइलवरच टिपायची, उभी. मोबाइलवर धडा उघडला की तो पूर्ण पडदा व्यापेल आणि सूचना एका पट्टीत येईल. तोच धडा गटाच्या बैठकीत संगणकावर दाखवला तर मध्यभागी एक उभा मोबाइल दिसेल आणि सूचना त्याच्या शेजारी, मोठ्या अक्षरात. चित्र तेच, भोवतालची मांडणी वेगळी.

काम संगणकावरच होणार असेल, जसं गटाच्या मसाल्याचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवणं, तर संपूर्ण पडदा मोबाइलवर कोंबायचा नाही. आधी क्षणभर पूर्ण पडदा दाखवायचा, त्यात ज्या कोपऱ्यात काम आहे तो रंगीत चौकटीत दाखवायचा, आणि मग फक्त तो तुकडा मोठा करून समोर आणायचा. शेताचा नकाशा बघून मग आपल्या वाफ्यात उतरावं तसं. आणि हेही सांगायचं की मोबाइलवर ओळख होईल, हात मात्र संगणकावरच बसेल. त्यासाठी गावातल्या सेवा केंद्राचा किंवा शाळेचा संगणक आठवड्यातून तासभर मिळवणं, हा शिक्षणाचाच भाग आहे.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. तेच काम दोन्हीकडे होतं, पण दिसतं वेगळं. बँकेच्या संकेतस्थळावर संगणकात सगळे पर्याय वर ओळीने दिसतात. मोबाइलवर ते तीन आडव्या रेघांच्या चिन्हात लपतात. इथे एक धडा दोघींना पुरत नाही. दोन धडेच करावे लागतात, आणि सुरुवातीलाच विचारावं लागतं: ‘ताई, तुमच्या हातात काय आहे?’ वेळ आणि खर्च वाढतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी ही पायरी गाळतात. वाचलेल्या त्या खर्चाचा भार मग शिकणारीवर पडतो.

चांगल्या धड्यांनाही माप लागतं

आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प तुमच्यातल्या कॉलेजच्या मुलींना माहीत असेल. मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे छोटे बोलके धडे आहेत, आणि ते मोफत आहेत. त्यांची शिकवायची पद्धत सुरेख आहे: पडद्याच्या एका बाजूला धडा चालवायचा, दुसऱ्या बाजूला ते सॉफ्टवेअर उघडायचं. बघायचं, थांबवायचं, करायचं, पुढे जायचं. संगणकावर हे फार छान चालतं. मोबाइलवर मात्र शेजारी शेजारी ठेवायला जागा कुठून आणणार? म्हणून मोबाइलवर शिकवायचं तर बघणं आणि करणं एकाच जागी, एकामागून एक आणावं लागतं. आमच्या भातुकलीचं कारण हेच आहे.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी कार्ल वीमन यांनी ‘फेट’ नावाचा प्रकल्प सुरू केला. विज्ञानाचे प्रयोग पडद्यावर हाताळून बघायचे, अशी ती भातुकली. मराठीतही ती उपलब्ध आहे. तिचे सुरुवातीचे धडे जावा आणि फ्लॅश या तंत्रांत बांधलेले होते, आणि ते मोबाइल-टॅबलेटवर नीट चालत नव्हते. पुढे ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधारच कंपनीने काढून घेतला आणि जगभरचे असंख्य जुने धडे उघडेनासे झाले. फेटच्या मंडळींनी त्याआधीच आपले प्रयोग नव्या तंत्रात, बोटाने चालतील असे पुन्हा बांधायला घेतले होते. एवढ्या मोठ्या विद्यापीठालाही नुसतं लहान करून भागलं नाही, पुन्हा बांधावं लागलं.

येणे की देणे

आता आपल्या भाषेचं. इंग्रजी अक्षरं एका रेषेत बसतात. आपल्या अक्षराला वर मात्रा, अनुस्वार, रफार, आणि खाली उकार लागतो. म्हणून मराठी ओळीला उंची जास्त हवी. इंग्रजीसाठी आखलेल्या बुटक्या चौकटीत मराठी बसवलं की वरचा अनुस्वार आणि खालचा उकार कापला जातो. आणि लहान अक्षरात काय होतं ते गटाच्या सचिवांना विचारा. ‘येणे’ आणि ‘देणे’ हे दोन शब्द बारीक अक्षरात जवळ जवळ ठेवून बघा. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना फरक दिसत नाही, आणि हिशेब उलटा होतो.

मराठी शब्द जागाही जास्त घेतात. इंग्रजीत ‘पे’ एवढं लिहिलं की झालं, आपल्याला ‘पैसे पाठवा’ असं लिहावं लागतं. ते बटणात मावलं नाही की अर्धवट दिसतं, ‘पैसे पा…’. पैसे पाठवा की पैसे पाहा? दोन्हींत केवढा फरक!

आणखी एक बारीक गोष्ट. धडा मराठीत आणि खरं ॲप इंग्रजीत असेल तर काय करायचं? धड्यातलं चित्र खऱ्या ॲपसारखंच ठेवायचं, आणि मराठीत सांगायचं, ‘खालचं निळं बटण, त्यावर इंग्रजीत पे लिहिलेलं आहे.’ बटणच मराठी करून दाखवलं तर बाई धड्यात पास होते आणि दुकानात अडकते. खऱ्या ॲपमध्ये मराठी भाषा निवडता येत असेल तर पहिला धडा ती भाषा कशी निवडायची याचाच असावा.

आपल्यातल्या कितीतरी जणी फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवतात. चांगलीच सवय आहे. धड्याने तिचा मान ठेवावा. सर्वांना वापरता येईल अशी संकेतस्थळं कशी असावीत याचे जे जागतिक नियम आहेत, ते सांगतात की अक्षर दुप्पट मोठं केलं तरी मजकूर कापला जाता कामा नये. अक्षराचा रंग आणि मागचा रंग यांतला फरक किती असावा याचंही माप त्या नियमांत दिलेलं आहे. पांढऱ्यावर फिकं राखाडी अक्षर कार्यालयातल्या सावलीत शोभतं, आपल्या ओट्यावरच्या उन्हात ते दिसतच नाही.

आणि घरातला फोन काही एकटीचा नसतो. धडा अर्ध्यावर असताना फोन येतो, मूल फोन ओढतं, लाइट जाते, रेंज जाते. परत उघडल्यावर धडा पहिल्या पायरीवर जाऊन बसला, तर पुन्हा सुरुवात करायला कोणाला वेळ आहे? म्हणून धडा थांबला तिथूनच सुरू व्हावा. फोन आडवा-उभा झाला तरी पायरी हरवू नये. एका धड्यात एकच काम असावं, आणि ते चहा उकळेपर्यंत संपावं.

खोटं ते खोटं दिसलं पाहिजे

मैत्रिणींनो, आता जे सांगतो ते नीट ऐका. भातुकली खऱ्यासारखी दिसावी, पण खरी आहे असं कधी वाटू नये. चांगल्या धड्यात वरती सतत एक ओळ असते: ‘हा सराव आहे, खरे पैसे नाहीत.’ संगणकावर ती दिसते, आणि मोबाइलवर जागा कमी म्हणून पुष्कळदा पहिल्यांदा तीच काढून टाकतात. असं होऊ देता कामा नये. सगळं कापा, ती ओळ कापू नका.

दुसरं. सरावाचा धडा तुमचा खरा पिन कधीही मागत नाही. धड्यात वापरायचा पिन धडाच देतो, आणि तो पडद्यावर लिहिलेला असतो. ‘तुमचा रोजचा पिन टाका’ असं कोणी म्हणालं, मग तो धडा असो, माणूस असो की फोनवरचा आवाज, तिथेच थांबा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो आणि आपल्या खात्यातली शिल्लक बघताना लागतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. हे वाक्य गटाच्या बैठकीत म्हणून घ्या.

तिसरं. शिकवायच्या नावाखाली कोणी व्हॉट्सॲपवर अनोळखी ॲप पाठवलं, किंवा तुमचा पडदा दुसऱ्याला दिसेल असं ॲप टाकायला सांगितलं, तर टाकू नका. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा. फसवणुकीची तक्रार करायचा तो सरकारी क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

गटानेच पारख करावी

धडा चांगला की वाईट, हे कार्यालयात ठरत नाही. ते ठरवायला आम्ही बैठकीत जातो. तीन गोष्टी बरोबर नेतो: जुना लहान पडद्याचा फोन, नेहमीचा साडेसहा इंची फोन आणि एक टॅबलेट. संगणक असलाच तर उत्तम. फोन बाईच्या हातात देतो आणि गप्प बसतो. गप्प बसणं सर्वांत अवघड असतं. तिचं बोट चुकीच्या जागी चाललं की आपला हात आपोआप पुढे जातो. पण तिच्या हातातून फोन घ्यायचा नाही, हा आमचा पक्का नियम. बोट कुठे थबकतं, कपाळाला आठी कधी पडते, चष्मा कधी शोधला जातो, ते बघायचं आणि लिहून ठेवायचं. जेकब निल्सन नावाच्या तज्ज्ञाने २००० मध्ये लिहिलं होतं की पाच जणांनी वापरून पाहिलं तरी बहुतेक अडचणी उघड होतात. पाच जणी तर प्रत्येक गटात मिळतात.

एका बैठकीत एक काकी पुन्हा पुन्हा बटणाऐवजी बटणाकडे दाखवणाऱ्या बाणावरच बोट ठेवत होत्या. बघणारं कोणी म्हणेल, काकींना कळत नाही. पण बाण होता लालभडक आणि मोठा, बटण होतं फिकट आणि लहान. डोळा तिकडेच जाणार! बाण काढला, बटणाभोवती जाड कडं केलं, आणि काकींनी तीन फेऱ्या एका दमात पार केल्या. बाजूला बसलेल्या सूनबाईंना मग त्यांनीच शिकवलं.

तेव्हा मैत्रिणींनो, उद्या तुमच्या गटात कोणी ऑनलाइन प्रशिक्षण घेऊन आलं, तर मोठ्या पडद्यावरचं चकचकीत चित्र बघून लगेच मान डोलावू नका. म्हणा, ‘हे आधी आमच्या फोनवर उघडून दाखवा.’ गटातला सर्वांत जुना फोन पुढे करा. मग पाच गोष्टी बघा. दोन बोटांनी मोठं न करता अक्षर वाचता येतं का? बटण हरभऱ्याएवढं आहे का? सूचना हाताखाली झाकली जाते का? मध्येच फोन बंद केला तर धडा थांबल्या जागेवरून सुरू होतो का? आणि ‘हा सराव आहे’ ही ओळ सतत दिसते का? पाचांपैकी एखादी गोष्ट नसेल, तर प्रशिक्षण देणाऱ्यांना तसं स्पष्ट सांगा, आणि गटाच्या इतिवृत्तात नोंदवा. ब्लाऊज अंगाला बसला नाही तर आपण अंगाला दोष देत नाही, शिंप्याकडे परत नेतो. धडाही तसाच परत पाठवता येतो.

जी बाई स्वतःच्या बोटाने शंभर रुपये पाठवायला शिकते, तिला मग खात्यात किती आहेत हे कोणाला विचारावं लागत नाही. आमची सगळी धडपड तेवढ्यासाठी आहे.

तुमच्या गटात धडा वापरताना काय अडलं, ते एका कागदावर लिहा आणि पुढच्या बैठकीत तुमच्या ताईंजवळ द्या. लिहिता येत नसेल तर सांगा, दुसरी कोणी लिहून घेईल. आम्ही ते कागद वाचतो आणि त्यावरूनच पुढचे धडे बांधतो.